अर्ध्या सुताचा सांधा

सखाराम, परवा तुझी तेरवी झाली. पहिल्याच पंगतीत तुझ्यावरून वाद झाला, म्हणजे सगळं रीतीप्रमाणे पार पडलं म्हणायचं. कारंज्याच्या छोट्या गाडीच्या रुळावर तू मुकादम होतास, तेव्हा नुसत्या नजरेनं रुळातला दोष ओळखायचास, ते खरं की लोकांनी वाढवलेलं, यावर दोघांची जुंपली. एक म्हणाला, "अबे, तो उभ्या उभ्या सांगे, इथं रूळ दबला म्हून." दुसरा म्हणाला, "दबला नसन तरी सांगे. मोजाले कोन जाते?" मला तुझी बाजू घ्यायची होती, पण तोंडात घास होता, आणि घास उतरेपर्यंत विषय कढीवर गेला. तू असतास तर विषय बदलू दिला नसतास, पंगतही उठू दिली नसतीस.

ती बाजू आता इथे लिहून मांडतो. पण खरं तर मला त्याहून जास्त काही सांगायचं आहे, आणि ते तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत इतक्या वर्षांत मला झाली नाही. आज दुकान बंद ठेवलंय. मशीनवर फडकं टाकलंय. तू नेहमीसारखा मध्येच बोलून माझी गाडी अडवू शकत नाहीस, एवढा एक फायदा आहे आणि तो मला अजिबात आवडलेला नाही.

आपली दोस्ती उशिराची. तुझं सगळं तरुणपण रुळावर गेलं. शेलूबाजारात तू दिसायचास पोळ्याला आणि दिवाळीला. गयावहिनी इथे वावर बघायच्या, तू तिकडे सिलीपाट बघायचास. (सिलीपाट म्हणजे रुळाखालचे आडवे लाकडी ठोकळे, हेही मला तूच शिकवलंस, त्याआधी मी त्यांना फळकुटं म्हणायचो आणि तुझ्या शिव्या खायचो.) मग एक दिवस पेटी खांद्यावर घेऊन तू कायमचा घरी आलास. डाक्तरनं तुझे डोळे तपासले होते. लांबून तक्त्यावरचे ठिपके मोजायला लावले, तुझे दोन ठिपके चुकले, आणि तुला घरी बसवलं.

त्या दिवसापासून तू माझ्या दुकानाच्या ओट्यावर बसायला लागलास आणि आल्यागेल्याला ती ठिपक्यांची गोष्ट ऐकवायला लागलास. "ठिपके मोजाले मी काय रांगोळी काढून राह्यलो का? रूळ दाखवा म्हना. अर्ध सूत इकडंतिकडं असन तं सांगतो." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुताराचं, शिंप्याचं आणि रुळावरच्या माणसाचं त्याच्यावाचून पान हलत नाही. मी हसलो, तर तू ओट्यावरूनच माझ्या हातातल्या सदऱ्याकडे बोट केलंस. "डावी बाही लांब झाली बे नाम्या." मी टेप लावली. झाली होती. गिऱ्हाईक समोरच उभं होतं, सखाराम. एवढं तरी बघायचं होतंस.

तुझ्या पेटीत किल्ली देऊन पळणारं एक लहानसं इंजिन होतं, दोन डबे होते, आणि घडी घातलेले दोन मोठे कागद. विलायतेला परत जाताना तुझ्या साहेबानं ते तुला दिलं होतं. इंजिनाला रूळ नव्हते. रूळ आपणच हातानं करायचे, आणि ते कसे करायचे ते त्या कागदांवर खऱ्या मापात छापलेलं होतं. एका रुळाचे दोन फाटे होतात तो सांधा. एका कागदावर उजव्या फाट्याचा, दुसऱ्यावर डाव्या फाट्याचा. प्रत्येक सिलीपाटाची चौकट, प्रत्येक रुळाची जोडरेघ. कागद फळीवर चिकटवायचा, चौकटीवर लाकडाची चीप, रेघेवर रूळ, बस. त्यावरची इंग्रजी अक्षरं ना तुला येत होती ना मला. तू म्हणालास, "अक्षर कायले पाह्यजे? रेघ बोलून राह्यली ना."

मला आधी वाटलं, हे म्हाताऱ्याचं खेळणं. पण तू तो कागद माझ्या कापायच्या पाटावर उलगडलास आणि हळू आवाजात बोललास. तुझा आवाज हळू झाला की मला नेहमी भीती वाटायची. "नाम्या, हा सांधा मी नजरेनं बसवतो. गेज लावत नाइ. गाडी पास झाली तं डाक्तर खोटा. पडली तं मी आंधळा."

मी म्हटलं, अरे, रुळावर तू गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर मोजायची ती पट्टी, लावल्याशिवाय माणसाला खिळा ठोकू देत नव्हतास, मग इथे काय झालं? तर म्हणालास, "तिथं मानसानं टाकेल रूळ होते. हे छापेल हाय. मशीनीतून निंगालं. हे चुकत नाइ."

आता माझी गोष्ट ऐक.

कागदाला आठ घड्या पडल्या होत्या आणि त्या बसत नव्हत्या. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, इथे ठेवून जा, घड्या काढणं हे शिंप्याचं काम आहे. आमच्या घरात एक रीत आहे. कोरं कापड आधी पाण्यातून काढायचं, मगच कात्री लावायची. माझ्या बापानं मला कात्री धरायला शिकवायच्या आधी कापड भिजवायला शिकवलं. न भिजवता शिवलेला सदरा पहिल्या धुण्यात आखडतो आणि गिऱ्हाईक कायमचं तुटतं. हा कागदही तसा कोराच होता, पाणी न लागलेला. तू गेल्यावर मी तो परातीत पाण्यातून काढला, फळीला खळ लावली, ओला कागद चारी बाजूंनी छान ताणून बसवला आणि वर फडकं फिरवलं. सकाळपर्यंत वाळून असा गुळगुळीत झाला की घडी शोधून सापडेना. तू बोट फिरवून म्हणालास, "वा रे शिंप्या!" तुझ्याकडून मिळालेली ती माझी पहिली शाबासकी. पाण्याचं मी काही बोललो नाही. स्वैपाकिणीनं फोडणी सांगायची नसते, तसं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

पुढचे दोन महिने मी आयुष्यात सगळ्यात जास्त हसलो. रुळांसाठी तुला मोडक्या छत्र्यांच्या काड्या हव्या होत्या. तू बाजारच्या दिवशी रस्त्यावर उभा राहून लोकांना विचारायचास, "पाटील, छत्री मोडली का?" आणि पाटलांनी नाही म्हटलं की तुझा चेहरा असा पडायचा, जणू त्यांच्या घरी काही वाईट बातमी आलीय. सागवानी चिपा तू कानशीनं घासून एकेका चौकटीत बसवल्यास. झाळायचा खिळा तापवायला माझ्या इस्त्रीतले निखारे घेतलेस, त्यात कथील सांडलंस, आणि मी एका मारवाड्याच्या पांढऱ्या धोतरावर करडा ठिपका उमटवला. जिथे एक रूळ दुसऱ्याला छेदून जातो ते टोक तू चार वेळा घासून चार वेळा फेकलंस. दर वेळी गाल फळीला टेकवून, एक डोळा मिटून, रेघेच्या टोकाशी नजर लावायचास. मलाही तसंच शिकवलंस: "वरतून पाहू नको. आडवा हो अन् लांबवर पाह्य." तेव्हापासून मी शिवण अशीच बघतो, पाटावर गाल टेकून. नव्या गिऱ्हाइकांना वाटतं शिंपी झोपला. पण त्यानंतर माझी एकही बाही लांब झालेली नाही, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू ते गावभर केलं असतंस.

चाचणी तू बाजारच्याच दिवशी ठेवलीस, माझ्या ओट्यावर. मी म्हटलं होतं की आधी आपण दोघं गुपचूप बघू. तुला पटलं नाही. तुझ्या डोळ्यांचा निकाल चारचौघांत लागला होता, तो चारचौघांतच फिरवायचा होता. वीस-पंचवीस माणसं जमली. तू इंजिनाला किल्ली दिलीस, मागे एक डबा लावलास, आणि सोडलंस. सरळ रुळावरून ते झोकात गेलं. सांध्यापाशी आलं, आणि म्हैस डबक्यात बसावी तसं दोन रुळांच्या मध्ये खाली बसलं. चाकं नुसती गरगर फिरत होती. पुन्हा ठेवलंस, पुन्हा बसलं. तिसऱ्यांदाही.

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "मुकादम, डाक्तर खराच निंगाला की!" तू कुणाला शिवी दिली नाहीस. इंजिन उचललंस, किल्ली उतरेपर्यंत हातात धरून ठेवलंस आणि घरी गेलास.

सखाराम, मीही हसलो होतो. तुझी पाठ माझ्याकडे होती म्हणून तुला दिसलं नाही.

मग तू दुकानाकडे यायचं बंद केलंस. आठ दिवस वाट बघून मी निरोप पाठवला, तर उलट निरोप आला की आता दिसत नाही, येणार कसा. पंधरा दिवसांनी पाट आवरताना तुझा दुसरा कागद हाती आला, डाव्या फाट्याचा, तसाच घडीत पडून राहिलेला. पहिली फळीही कोपऱ्यात उभी होती. सहज म्हणून मी कोरडा कागद तिच्याशेजारी धरला आणि टेप लावली. फळीवरच्या दोन रुळांमधलं अंतर जास्त होतं. अर्ध्या सुताला जरा कमी, पण जास्त. मी दुसऱ्या जागी टेप लावली. तेवढंच जास्त. तिसऱ्या जागी, चौथ्या जागी, सगळीकडे तेवढंच. माणसाचा हात चुकतो तो एके ठिकाणी चुकतो. सगळीकडे सारखी चूक हाताची नसते. तू केसभरही चुकला नव्हतास. रेघेवर रेघ बसवली होतीस. रेघाच सरकल्या होत्या, कारण कापड पाण्यात आखडतं आणि कागद पाण्यात फुगतो, आणि चाळीस वर्षं कापड भिजवणाऱ्या शहाण्याला ही साधी गोष्ट ठाऊक नव्हती.

त्याच पावली तुझ्या घरी यायला हवं होतं. मी उठलो, चप्पल घातली आणि परत बसलो. शिंप्याचं माप चुकलं हे गावाला कळलं तर काय, ही एक भीती. तुझ्या जिभेची दुसरी. आणि खरं कारण म्हणजे ते हसणं. सांगायला आलो असतो तर तेही बाहेर पडलं असतं. मी तुझ्या गल्लीतून जाणंच टाळायला लागलो.

असे चार महिने गेले. मग मला राहवेना. दुसरा कागद घेऊन आलो आणि म्हटलं, हा डावा सांधा कर. तू बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होतास. "आंधळ्याले कायले सांगतं बे?" मी हट्ट धरला. वहिनीसुद्धा दारातून म्हणाल्या, "राहू द्या ना भाऊ. कायले त्याइले तरास देता?" पण मी रोज आलो. नऊ दिवस आलो. दहाव्या दिवशी तू वैतागून उठलास, मला घालवायला म्हणून उठलास, आणि कागद हातात घेतलास. या वेळी मी पाण्याच्या आसपास फिरकलो नाही. कोरडा कागद फळीवर टाचण्यांनी टाचला, घड्यांसकट. तू विचारलंस, "खळ काहून नाइ लावली?" मी म्हटलं, संपली. शिंप्याच्या घरी खळ संपली! आणि तू विश्वास ठेवलास.

डाव्या सांध्यावरून इंजिन गेलं तेव्हा आपण दोघंच होतो, तुझ्या ओसरीवर. ते सांध्यावर आलं, खटखट वाजलं आणि डाव्या फाट्यानं सुळकन निघून थेट ज्वारीच्या कणगीला धडकलं. तू ओरडलास, "पास! पास! लाइन क्लेर!" शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मला रडू आलं, तू मला म्हणालास, "तुले काय झालं बे?" मी सांगितलं, कथलाचा धूर.

दुसऱ्याच सकाळी दमणी जुंपून आपण कारंज्याला गेलो. फळी तू मांडीवर घेतली होतीस आणि बैलांना धावू देत नव्हतास. डाक्तरची बदली झालेली. पण तू माघारी फिरणाऱ्यातला नव्हतास. त्याच्या खोलीत रिकाम्या खुर्चीसमोर फळी ठेवलीस आणि खुर्चीला गाडी चालवून दाखवलीस. मग फलाटावर तुझ्या जुन्या गँगची माणसं जमली. त्यांनी गाल टेकवून सांधा बघितला, एकानं तर खिशातून चुना काढून टोकावर खूण करून पाहिली, आणि सगळे म्हणाले, मुकादम, नजर तशीच हाय. त्या दिवशी परत येताना तू सबंध वाट गात होतास. गाणं कोणतं ते बैलांनासुद्धा ओळखता आलं नसतं.

पण मग पहिला सांधा का चुकला? याचं उत्तर तुला हवं होतंच, आणि तू ते स्वतःच शोधलंस. छापणारा चुकला! छापलेलं कधी चुकत नाही म्हणणारा माणूस एका दिवसात उलटा झाला. पुढची सगळी वर्षं तू छापलेल्या कशावर म्हणून विश्वास ठेवला नाहीस. शाळेत पेपर यायचा, त्यात लढाईच्या बातम्या. मी वाचून दाखवल्या की तू म्हणायचास, "छापेल हाय ना? मंग अर्ध सूत कमी धर." पुतणीच्या लग्नात भटजींनी पंचांग उघडलं, तर तू भर मांडवात विचारलंस, हे हातानं लिहेल हाय का छापेल? छापलेलं निघालं, तर मुहूर्त जरा मागं घ्या म्हणालास. आणि मी, ज्याला सगळं ठाऊक होतं, मी दर वेळी छापखान्याची वकिली करत बसायचो. बिचाऱ्या विलायतेच्या त्या कागदाची बाजू घेणारा सगळ्या मंगरूळ तालुक्यात मी एकटाच. लोकांना वाटायचं, शिंप्याला वाचनाची केवढी गोडी! तो वाद आपण शेवटपर्यंत सोडला नाही, आणि त्यात मी दर वेळी हरलो, कारण माझा एकुलता एक पुरावा मला दाखवता येत नव्हता.

गेल्या महिन्यात तुझा ताप उतरेना, तेव्हा मी सांगायचं म्हणूनच आलो होतो. तू बाजेवर होतास, अंगात त्राण नव्हतं, पण जीभ शाबूत होती. मी म्हटलं, "सखाराम, तो पहिला कागद..." तू हात वर केलास. "त्या कागदाचं नाव काढू नको बे. चांगल्या मानसाच्या हातून खराब काम करून घेतलं त्यानं." मी तुझ्या पायावरची वाकळ सारखी केली आणि पाऊसपाण्याचं बोलून निघून आलो. चार दिवसांनी तू गेलास.

तर आता ऐक. छापणारा चुकला नव्हता. डाक्तरचं मला माहीत नाही, पण तुझी नजर चुकली नव्हती. त्या खराब कामाचा धनी मी. मी कागद भिजवला, मी गप्प बसलो, आणि ओट्यावर मीही हसलो. तू आता मला जितक्या शिव्या देत असशील, तितक्यावर मी अर्ध सूत वाढवून घेतो.

एवढं लिहून ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण मला जिवंत माणसाच्या तोंडून चार शब्द ऐकायचे होते. म्हणून काल दुपारी वहिनींकडे गेलो. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं, परातीपासून खळ संपल्याच्या थापेपर्यंत. हसल्याचंही सांगितलं. त्यांचं सूप थांबलं नाही. मला वाटलं, आता सूप अंगावर येणार.

"म्हंजे त्या चार मइन्यात त्याइचे डोये चांगले होते?"

"चांगले होते, वहिनी."

"मले ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "वाटेत शेनाचा पो आला का तेच मले बाजूले ओढत." आणि त्या हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून, तुझ्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी. मला काही उमजेना. मग त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तीस वर्साचा संसार, भाऊ. ते रुळावर, मी वावरात. घरी आले तरी रस्त्यानं दहा पावलं पुढं चालत. अन् त्या चार मइन्यात रोज सकाळी माहा हात धरून वावरात येत. दिसत नाइ म्हून. बाया पानी भरून येत, त्याइच्या देखत. बाया हासत. मले लाज वाटे, पन म्या काइ हात सोडवला नाइ. बांधावर बसून मले रुळाच्या गोष्टी सांगत. इतक्या वर्सात कधी सांगतल्या नोत्या."

मी म्हटलं, "आणि मग?"

"मंग तुमची गाडी पास झाली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दहा पावलं पुढं."

त्यांनी तुरीतला एक खडा वेचला आणि लांब फेकला. मग माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, सखाराम, पण मी खाली बघितलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तो दुसरा कागद कायले कोरडा ठेवला जी?"